तिसरा खंड आणि हिची तब्येत

१ जानेवारी, सकाळ
संकल्प: तिसरा खंड मार्चअखेर हातावेगळा. रोज पहाटे उठून लिहायचं. पेपर, फोन, पाहुणे बंद. पहिल्या खंडाने मला ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून नाव दिलं. दुसरा लोकांच्या पचनी पडला नाही. वाचकांची तयारी कमी पडली. तिसऱ्यात सेनापती किल्ला लढवतोय आणि तिकडे राणी आजारी पडून जाते. वाचक ढसाढसा रडला पाहिजे.
आज सुरुवात केली नाही. सुट्टीच्या दिवशी बैठक लागत नाही.

४ जानेवारी
उशिरा जाग आली. हिने उठवलंच नाही. विचारलं तर म्हणाली, रात्रभर पोटात दुखत होतं, पहाटे कुठे डोळा लागला. घरच्यांनी साथ दिली असती तर आतापर्यंत पाच खंड झाले असते.

११ जानेवारी
अर्धं पान. पण कसदार.
माझा मजकूर हीच कॉम्प्युटरवर टाइप करते. माझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही. आज मध्येच उठून आडवी झाली. ऐन वेढ्यात! सेनापतीचा घोडा तसाच उधळलेला ठेवून.

१९ जानेवारी
डॉक्टरांकडे जाते म्हणाली. सोबत येता का, विचारलं. म्हटलं, शत्रू तटाला भिडलाय, आज कसा येऊ? बरं म्हणाली. एकटीच गेली.
घरात छान शांतता. जुन्या तोफांची नावं शोधण्यात दुपार गेली. ओळ एकही नाही. संशोधन हेसुद्धा लेखनच.
संध्याकाळी परत आली. तपासण्या सांगितल्यात. भाजी करपलेली होती. मी बोललो नाही.

२ फेब्रुवारी
प्रकाशकांचा फोन. मी उत्साहाने वेढा सांगायला लागलो. म्हणाले, सावकाश होऊ द्या, आम्हाला काही घाई नाही. इतका विश्वास हल्ली कोण दाखवतं! पहिल्या खंडाच्या नव्या आवृत्तीचं काय, विचारलं. गोडाउन बदलतोय, तेवढं होऊ दे, म्हणाले.

९ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. गाठ आहे. डॉक्टर फार आडवळणाने बोलत होते. मुद्द्यावर या, असं सांगावं लागलं. ते आले. त्यानंतर मी काही विचारलं नाही.
घरी आल्यावर ही म्हणाली, वेढ्याचं प्रकरण द्या, मला बसवतंय तोवर टाइप करून टाकते. प्रकरण झालेलंच नाही, असं त्या वेळी सांगणं बरं दिसलं नसतं. शेवटचा हात फिरवतोय, म्हटलं.

२० फेब्रुवारी
हिला हॉस्पिटलात ठेवलंय. मुलगी रजा काढून आली. औषधं, डॉक्टर, डबा, सगळं तीच बघते. मी काय करू, विचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते आईजवळ बसा. बसलो. पण माणूस नुसता किती बसणार? उद्यापासून कागद घेऊन जाईन. राणीच्या आजाराचं प्रकरण तिथेच होऊन जाईल. बारकावे समोरच आहेत.
हे वाक्य खोडावं का? राहू दे. कोण वाचतंय.

२६ फेब्रुवारी
झालं! एका बैठकीत! राणीचा चेहरा फिकट पण तेजस्वी, ओठांवर मंद स्मित. हिच्या ओठांना भेगा पडल्यात, नर्स ओला कापूस लावते. ते घेतलं नाही. राणीला शोभत नाही.

१ मार्च, दुपार
हिला प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून अगदी तल्लीन. नर्स म्हणाली, आजोबा, जरा हळू. मध्येच हिने डोळे उघडले, माझ्या शर्टाची बाही धरली आणि काहीतरी म्हणाली. मजकूर रंगात आला होता. मी हातानेच थांब म्हटलं. परिच्छेद संपवून विचारलं, काय गं? तर झोप लागलेली.
उद्या विचारीन.

२ मार्च
पहाटे गेली.

१० मार्च
लोक भेटायला येतात. बऱ्याच जणांकडे पहिला खंड आहे, हे ऐकून बरं वाटलं. सगळ्यांना हिनेच भेट दिलेला.
आज लिहायला बसणार होतो. बसलो नाही.

१४ मार्च
मुलगी आज परत गेली. बॅग भरताना विचारलं, बाबा, आई शेवटी काही बोलली का तुमच्याशी?
बोलली, म्हटलं. मग सांगणं आलं. म्हटलं, तुमचं कार्य अर्धवट सोडू नका, माझा जीव त्यातच गुंतलाय, असं म्हणाली. सांगताना माझा आवाजही भरून आला होता.
मुलगी चेन लावता लावता थांबली. म्हणाली, आई असं बोलायची नाही, बाबा.
मग कसं बोलायची, मी विचारलं. खरंच विचारलं. ती रडायला लागली.
टॅक्सी आली, ती गेली. मी टेबलाशी बसलो. हिच्या तोंडी एखादं वाक्य घालून पाहिलं. मग दुसरं. मग आणखी बरीच. एकही बसत नाही.