बाळाची सीट आणि तीन किलो ज्वारी

३ नोव्हेंबर, सोम.
रूपालीला नववा लागला. आज तपासणी. बी.पी. थोडं वर. म्हणून बाळंतपण पिशोरला माहेरी नाही, इथंच सिडकोतल्या दवाखान्यात. सुटी झाली की तिथूनच सरळ पिशोर, सव्वा महिना. हे माझ्या आईचं आणि तिच्या आईचं फोनवर ठरलं. आम्हाला नंतर कळलं.

येताना गाडीत रू. म्हणाली, "तीन दिवसांचं लेकरू घेऊन साठ किलोमीटर. कसं न्यायचं?" म्हटलं, गाडीनं. "गाडीनं ते मला बी कळतं. गाडीत कसं?" तिनं दवाखान्यातल्या सिस्टरकडून सगळी माहिती आधीच काढलेली. बाळाची वेगळी सीट असते, पट्ट्यानं बांधायची, ती घ्यायची.

घरी आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मांडी कशाला दिलीय मग?"

५ नोव्हें., बुध.
आईची दुसरी हरकत. बाळाच्या आधी बाळाची वस्तू घरात येत नाही. झबलं नाही, दुपटं नाही, पाळणा तर नाहीच. आमच्यात तसंच आहे, रू.च्या घरी पण तसंच. "जन्मल्यावर आणा काय ती खुर्ची." जन्मल्यावर कधी? रू. दवाखान्यात असताना मी जालना रोडवर खुर्च्या बघत फिरू का?

भांडलो. मग दोन तास अबोला. मग आईनंच चहा दिला.

रू.नं तोडगा काढला: घरात आणायची नाही ना, मग इम्रानच्या दुकानात ठेवू. इम्रान माझा शाळेपासूनचा दोस्त, मोंढ्याजवळ गाड्यांचे सीट कव्हर शिवतो. आई म्हणाली, "त्याच्याकडं ठेवा नाहीतर टपावर ठेवा. बाळ माझ्या मांडीवर बसून जाईल." बाळ बसणार नाही, झोपणार आहे, हे बोललो नाही. शहाणा आहे मी.

८ नोव्हें., शनि.
बाळाच्या सीटचं दुकान. रू. खुर्चीवर, पाय सुजलेले, पाणी पीत. मी टेप घेऊन. वाळूजला कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर मोजतो, इथं पण मोजलं.

पहिली सीट: जन्मापासून चार वर्षांपर्यंत चालणारी. लई भारी दिसायला, पण आमच्या गाडीत पुढची सीट पार डॅशबोर्डला टेकली. मग पुढं बसणार कोण, गणपती?
दुसरी: टोपलीसारखी, वर कडी, उचलून नेता येते. हिच्यामुळं पुढची सीट अर्धीच सरकते. मागं आणखी दोघी कशाबशा मावतील. हीच.

दुकानदारानं लावून दाखवली, तोंड पुढं करून. पुस्तिकेत चित्र उलटं, बाळाचं तोंड मागं. म्हटलं, हे बघा. म्हणे, "साहेब, लेकराला रस्ता दिसायला नको का?" डोकं फिरलं. रू.नं माझा शर्ट ओढला, नाहीतर तिथंच जुंपली असती. मग स्वतःच वाचून उलटी लावायला गेलो. पट्टा वरून ओढला, सीटवरून फिरवला, आणि आता अडकवायचा कशात? बकलच नाही. हात घालून घालून बघितलं. नुसतं मरून रेक्झिन.

तीन वर्षं झाली गाडी घेऊन. मागं बकल आहे का नाही, ह्या क्वालिटीवाल्याला माहीत नाही.

रू. शांतपणे म्हणाली, "कव्हरच्या खाली असतील." आणि मला सगळं आठवलं. गाडी आली तेव्हा आईनं आधी नारळ फोडला आणि मग मागं बसून बघितलं. म्हणाली, हे काय टोचतंय. मी इम्रानला सांगितलं, दाबून टाक खाली. त्यानं दाबून वरून शिवून टाकलं. तिघांनी मिळून केलेलं काम.

सीट घेतली. थेट इम्रानकडं.

९ नोव्हें., रवि.
इम्राननं शिलाई उसवली. आई मुद्दाम आली होती. हे कव्हर तिनं निवडलेलं, मरून, सोनेरी किनार. एकेक टाका तुटताना तिचं तोंड बघवत नव्हतं.

खालून दोन्ही बकल निघाले. कोरे. कारखान्यातून आले तसे.
इम्रान ते हातात धरून बसला. मग म्हणाला, "दत्ता भाई, मैं सबके दबा दिया रे. जो भी गाडी आयी, दबा दिया. कोई बोला बी नै, मैं पूछा बी नै." त्याची स्वतःची दोन पोरं मागंच बसतात. उठला, आपल्या गाडीचं कव्हर फाडायला गेला. आमचं अर्धवट टाकून. दीड तासानं परत आला. रागावलो नाही. कसा रागावणार?

आमच्या कव्हरला बकलपुरत्या खाचा केल्या, कडेनं सोनेरी किनार परत लावली. आईला म्हणाला, "अम्मा, देखो, बटन के काज जैसा किया." आईनं किनारीवरून बोट फिरवलं.

१३ नोव्हें., गुरु.
सीट इम्रानच्या दुकानात, वरच्या फळीवर, चादरीखाली. रू.ला बघायची होती म्हणून कंपनीतून आल्यावर नेलं. तिनं चादर बाजूला केली, आतल्या गादीवर तळहात ठेवला आणि परत झाकली. म्हणाली, "बास. जास्त बघू नये." म्हणजे ही पण आईच्याच पार्टीतली. वर मला म्हणते तुम्ही आईशी भांडता.

१५ नोव्हें., शनि.
पुस्तिकेत लिहिलंय, आधी सराव करा. सराव कशावर करणार? आईच्या डब्यातून तीन किलो ज्वारी काढली, उशीच्या खोळीत भरली, वर गाठ मारली. इम्रानकडं जाऊन सीटमध्ये बांधली. खांद्याचा पट्टा आणि बाळ यांच्यात एक बोट जावं, जास्त नाही. ज्वारीला खांदे नसतात. अंदाजानं.

हर्सूलच्या तळ्यापर्यंत गेलो, आलो. सगळे गतिरोधक घेतले. ज्वारी हलली नाही. मी लई खूश. एकटाच त्या खोळीशी बोलत होतो, हे कुणाला सांगणार नाही.

घरी आई डब्यासमोर उभी. "ज्वारी कुठं गेली?" खरं सांगितलं. हसेल वाटलं. म्हणाली, "उद्या मला ने. मी मांडीवर घेऊन बसते तुझी ज्वारी. बघू कशी पडती."

१६ नोव्हें., रवि.
गेलो. आई मागं, मांडीवर खोळ, दोन्ही हातांचा वेढा, पदर वरून. सीट शेजारी रिकामी. मी पट्टा लाव म्हटलं तर "मला नको टोचायला." तरी लावायला लावला.

मी काही ठरवलं नव्हतं. देवाशपथ. सावकाशच चाललो होतो. हर्सूल जेलच्या भिंतीपुढं एक शेळी आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. नेहमी दाबतो तसाच.
मागं धप् झालं.

खोळ माझ्या सीटच्या खाली. गाठ सुटून ज्वारी पायात. आईला काही नाही, पट्ट्यानं धरलं. पण तिचे हात तसेच गोल. आत काहीच नाही आणि हात तसेच.

गाडी बाजूला घेतली. म्हटलं, लागलं का गं? नाय म्हणाली. मग खाली वाकून ज्वारी गोळा करायला लागली, दाणा दाणा. मी म्हटलं राहू दे. ती थांबेना. मी पण वेचायला बसलो.
घरी येऊन जेवली नाही.

१७ नोव्हें., सोम.
कंपनीत निघालो तर आई दारात. माझ्या डाव्या भुवईवरच्या खुणेला हात लावला. लहानपणची खूण आहे. खुलताबादला मावशीकडं झोक्यावरून पडलो, असं सगळ्यांना माहीत.

म्हणाली, "मावशीकडं झोका नव्हता."

मी तिथं कितीतरी उन्हाळे गेलोय. झोका कधी पाहिला नाही. आणि कधी मनात आलं पण नाही की झोका कुठंय.

आठ महिन्यांचा होतो. खुलताबादहून काळीपिवळीनं येत होती, मी मांडीवर. बैल आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला. "घट धरलं होतं रे. लई घट धरलं होतं. तरी सुटलास. पुढच्या दांडीला लागलास. किती रगत." दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, तिनं झोका सांगितला. दादा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना शेवटपर्यंत झोकाच.

म्हटलं, मग तूच का मांडी मांडी करत होतीस? म्हणाली, "म्हणूनच की. एकदा सुटलं माझ्या हातून. म्हटलं आता हे लेकरू नाय सुटू द्यायचं. लई दिवस मनात होतं, परत एकदा धरून दाखवायचं."

बस चुकली. चुकू दे म्हटलं. दारातच बसलो तिच्याजवळ. नुसता तिचा हात धरून. बावळट.

२१ नोव्हें., शुक्र.
आई एकटी रिक्षानं इम्रानकडं जाऊन आली. मला सांगितलं नाही. इम्रानचा फोन: "अम्मा आके बकल लगाना-खोलना सीख के गयी. बीस बार किया. मेरेकू चाय बी नै पीने दिया."

२४ नोव्हें., सोम.
मुलगी. सकाळी. रू. बरी आहे. दोन किलो सातशे.
हातात घेतली. ज्वारी जड होती. ही हलकी, आणि तरी माझे हात भरून आले.
अजून काय लिहू.

२५ नोव्हें., मंगळ.
सीट आता घरात आली. आईनं कुंकू लावलं, ओवाळली. बाळाची वस्तू, बाळ आलं, आता चालतं.

२७ नोव्हें., गुरु.
सुटी झाली. पुढची सीट सरकवून त्यावर बॅगा. मागं डावीकडं लेकीची सीट, तोंड मागं. मधे आई, खिडकीशी रू., टाके ओढतायत म्हणून उशी घेऊन. आईनंच पट्टे लावले. बकल टक्क वाजलं. एक बोट घालून बघितलं.

हर्सूल ओलांडलं आणि लेक रडायला लागली. थांबेचना. फुलंब्रीच्या अलीकडं रू.चा धीर सुटला. जिनं ही सीट घ्यायला लावली तीच रडत म्हणाली, "अहो, राहू द्या ती सीट. द्या तिला माझ्याकडं. मी धरते ना घट्ट." आणि बकलाकडं हात नेला.
आईनं तिचा हात धरला. जोरात नाही. म्हणाली, "गाडी चालू असताना नाय, बाई. मी पण घटच धरलं होतं." रू.ला झोक्यामागची खरी गोष्ट माहीत नाही. तरी तिनं हात मागं घेतला. मग आई मला म्हणाली, "दत्ता, गाडी लाव बाजूला."

लिंबाखाली लावली. रू. पाजतेय. मी बाहेर, वही टपावर ठेवून लिहितोय, कारण दुसरं काय करावं कळत नाही. पुढं अर्ध्याहून जास्त रस्ता आहे, आणि तो खराब आहे.

पाजून झालं. लेक गप्प होती तोवर रू. तिला सोडेना. "अजून थोडं." आई थांबली. मग रू.नंच तिला उचलून आईच्या हातात दिलं, आणि आईनं एकदा, एकदाच, छातीशी धरलं. भुवईवर ओठ टेकवले. मग सीटमध्ये ठेवलं.

लेक परत रडायला लागली. आई पट्ट्याखाली बोट घालून बघतेय. तिसऱ्यांदा. म्हणाली, "तू पुढं बघ. हिच्याकडं मी बघते."