ज्याची बातमी त्याला दाखवायची नाही

भाऊ, मी आता आकाशाच्या बातम्या लिहिते. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून हसला असता. पुण्यात खगोलशास्त्राची एक मोठी संशोधन संस्था आहे. तिथे विज्ञान पत्रकारितेची इंटर्नशिप असते, म्हणजे शास्त्रज्ञांचं नवं काम समजून घ्यायचं आणि आपल्यासारख्यांना कळेल असं लिहायचं. पस्तिशी उलटल्यावर मी अर्ज केला, निवड झाली, आणि अमरावती सोडून गेले. बाकीचे इंटर्न नुकतेच कॉलेजातून आलेले, फाडफाड इंग्रजी बोलणारे. मला पहिल्या दिवसापासून सगळे ताई म्हणू लागले. शेवटी एकालाच मराठी लेखनासाठी ठेवून घेणार होते, आणि ती जागा मला हवी होती. मागे परतायला काही उरलं नव्हतं, कारण तुमच्यानंतर राजापेठेतलं आपल्या पेपरचं ऑफिस बंद झालं. तिथे आता ट्यूशन क्लास आहे, आणि तुम्ही संपादक म्हणून बसायचात त्या टेबलाच्या जागी फळा लावलाय.

आणि तिथे जाऊन पहिल्याच बातमीवर मी अडून बसले. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बार्शीटाकळीची ती बातमी आठवते ना? मी अकोल्याहून नवीनच आलेली. तिथल्या एका शाळेची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं कुलपातच होती, त्यावर मी लिहिलं होतं. मुख्याध्यापक फोनवर इतके गोड बोलले, की मी त्यांना सगळी बातमी वाचून दाखवली. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, मग एक वाक्य, आणि संध्याकाळी तुमच्या टेबलावर आली ती बातमी होती, प्रयोगशाळा लवकरच सुरू होणार. तुम्ही ती वाचता, कागद उलटा करून ठेवता आणि सगळ्यांसमोर विचारता, "कावून वाचून दाखवली वं त्याले?" मी म्हणते, त्यांनी मागितली म्हणून. तुम्ही आवाज चढवत नाही, तेच जास्त लागतं. "ज्याची बातमी त्यालेच दाखवली, तं मंग ते बातमी नाही रायत. जायरात होते."

मी रडले नाही, पण जेवायला डबाही उघडला नाही. तेव्हा तुम्ही मला ऑफिसमागच्या तुमच्या घरी घेऊन गेलात. वहिनी चुलीवर वांगी भाजत होत्या, गॅस असूनही, कारण गॅसवरचं भरीत तुम्हाला चालत नसे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुम्हालाच झापलं, की पोरीले पोटभर खाऊ घालून मंग बोलाचं असते. तुम्ही मुकाट्याने भाकरी मोडत होतात. जेवण झाल्यावर म्हणालात, रविवारच्या पुरवणीतला विज्ञानाचा कोपरा आजपासून तुझा. तो कोपरा कुणालाच नको असायचा. तिथे बहुतेक वेळा जाहिरात मिळाली नाही म्हणून काहीतरी भरलेलं असे. "आता तू आभाळावर लिही," तुम्ही म्हणालात, "तिथून कोनी फोन करत नाही." मला वाटलं शिक्षाच दिली. ते बक्षीस होतं हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत, दोन-तीन रविवार पुरले.

तर ती पहिली बातमी. एका फार दूरच्या दीर्घिकेतून, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या ताऱ्यांच्या वस्तीतून, हायड्रोजन वायूचा अगदी क्षीण रेडिओ संकेत इथल्या गटाला मिळाला होता. गटाच्या प्रमुख एक बाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी दोन तास बसून सगळं समजावलं आणि उठताना सहज म्हणाल्या, लिहून झालं की पाठवा, मी बघून देते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमी नाही दाखवत." खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शुद्ध मराठीत पुन्हा सांगितलं, तेव्हा ते आणखीच उद्धट वाटलं. विभागप्रमुखांनी मला बोलावून शांतपणे समज दिली, की इथून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर त्या त्या शास्त्रज्ञाने तपासलेला असतो. मान्य नसेल तर बातमी जाणार नाही, आणि बातमीच नसेल तर निवड कशावर करायची, हेही त्यांनी हसत हसत सांगून टाकलं.

भाऊ, खरं सांगते, मला तुमचा राग आला. एवढे नियम शिकवलेत, तर हाही शिकवून जायचा होता, की असं झालं तर काय करायचं. मी लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात शेवटी एक वाक्य होतं: याच गटाने पूर्वी असाच एक संकेत जाहीर केला होता, आणि तो पुढे जमिनीवरच्याच कुठल्यातरी यंत्राचा गोंगाट निघाला. ते मी जुन्या बातम्या चाळून शोधलं होतं. बाईंनी दोन तासांत त्याचा उच्चार केला नव्हता. वाक्य गाळलं तर सगळं सुरळीत होणार होतं. पण मला तुमचंच बोलणं आठवलं, आभाळातून कोणी फोन करत नाही म्हणून. बातमी दीर्घिकेची होती. बाई तिच्या वार्ताहर होत्या, माझ्यासारख्याच, आणि आपल्या ऑफिसात एकाची बातमी दुसऱ्याने वाचल्यावरच पान छपाईला सुटायचं. बातमी फक्त त्या एका वाक्यापुरती त्यांची होती. म्हणून ठरवलं, सगळं वाचून दाखवायचं, त्यांचं चुकीचं म्हणणं खपवून घ्यायचं नाही, आणि ते वाक्य हलू द्यायचं नाही. जागा गेली तर गेली.

मी त्यांच्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचलं. त्यांनी मला दुसऱ्याच ओळीला थांबवलं: दीर्घिका दुर्बिणीतून 'दिसली' असं लिहू नका, रेडिओ दुर्बिणीतून काही दिसत नसतं. बरोबर होतं. पुढे मी लिहिलं होतं, तिथला वायू आता झपाट्याने तारे बनवण्यात खर्च होतो आहे. त्या म्हणाल्या, आता नाही, तेव्हा. हा संकेत निघून अब्जावधी वर्षं झाली, तिथे आता काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. हेही बरोबर होतं. मुख्याध्यापकांनी बदललेल्या शब्दांनी बातमी मऊ झाली होती, ह्यांच्या शब्दांनी ती नीट उभी राहिली. मग ते शेवटचं वाक्य आलं. मी वाचलं आणि कागदावरून मान वर केली नाही.

"हे कुठून काढलंत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं, की हे वाक्य मी काढणार नाही. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "निघाला, असं नका लिहू," त्या म्हणाल्या, "तो आपोआप निघाला नाही. आमचं चुकलं, असं लिहा. आणि या वेळी ती चूक टाळायला काय काय केलं, तेही विचारा मला." मग पुन्हा तासभर बसलो.

ती बातमी अमरावतीच्या आणि अकोल्याच्या पेपरात आली, 'आमचं चुकलं' या शब्दांसकट. जागा मला मिळाली. पुढच्या वर्षी संस्था मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळी इंटर्नशिप सुरू करते आहे आणि तिची पहिली कार्यशाळा अकोल्यात घ्यायची, हे मी भांडून मंजूर करून घेतलं. सध्या त्याच तयारीला अकोल्यात आले आहे. काल अमरावतीला वहिनींकडे जाऊन आले. त्या आता गॅसवरच वांगी भाजतात.

तुम्हाला हे पटलं नसतं, हे मला माहीत आहे. दाखवली ते दाखवली, वर तोंड करून सांगून राहिली, असं म्हणाला असता. अकोला-अमरावती बसमध्ये मी तुमच्याशी हा वाद घालत असते. तुमचं म्हणणंही मीच मांडते, अगदी प्रामाणिकपणे. तरी दर वेळी मीच जिंकते, आणि मग खिडकीतून बाहेर बघत बसते. एकदा तरी हरायला हवं होतं.