मांडवात नाकारलेला फेटा

अप्पा,

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही नायगावला दादाकडे गेलो होतो. त्यानं पोराचं ठरलेलं लग्न मोडलंय. साखरपुडा झाल्यावर मुलीनं आपणहून सांगितलं, पायावर कोडाचा डाग आहे. दादानं सरळ फोनवर नकार कळवला. बैठकीतले पाहुणे चहा पीत म्हणत होते, "ज्याचं त्याचं घर हाय, आपण कशाला बोलावं?" माझी लेकसुद्धा कानाशी लागली, "मम्मी, कुणाला जज करू नये." हल्ली गप्प बसण्यालाच चांगुलपणा म्हणतात. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, हे लई वाईट केलंस तू. खरं बोलली म्हणून त्या पोरीला शिक्षा दिलीस."

"तू मला शिकवून राहिलीस का?" म्हणत तो उठून आत गेला. त्या क्षणी मला तुमचा इतका अभिमान वाटला, अप्पा. कारण ते बोलणं तुमचंच होतं.

जळकोटचं ते लग्न आठवतं. तुमच्या जिवलग दोस्ताच्या लेकीचं. मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधणं चाललंय, माईकवर तुमचं नाव पुकारलं जातं. त्याच दोस्तानं विधवा सुनेला लेकरासकट माहेरी धाडलेलं साऱ्या गावाला माहीत आहे, पण कुणी चकार शब्द काढत नाही. तुम्ही त्याचा हात धरून थांबवता. "सुनेला घराबाहेर काढलास, ते चूक केलास. तुझ्या हातचा फेटा नको मला." आणि नंतर तुम्ही खुशाल पंगतीला बसलात, त्यालाच वाढायला लावलंत, वर आणखी भात मागितलात. आई घरी येईपर्यंत धुसफुसत होती. तुम्ही म्हणालात, "त्याचं चुकलं ते बोललो. म्हणून काय दोस्ती सोडू?"

मलाही दादाला सोडायचं नाही. पण भाऊबीजेला तो आला नाही. फोन केला, "जेवायला ये" म्हटलं, त्यानं ठेवून दिला. लेक म्हणते, सॉरी म्हणून टाक. सॉरी मी म्हणणार नाही. ओवाळायचं ताट मात्र दिवस मावळेपर्यंत उचललं नाही.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. दादासमोर बोलताना माझे पाय लटलट कापत होते. तुमचेही कापले होते का, अप्पा?