दोन महिने म्हणजे दोन महिने

विद्यानगर, हुबळी

तीर्थरूप आईस,

मालनचा नमस्कार. अजून वाकायची परवानगी नाही, म्हणून उभ्यानेच.

पिशवीचं ऑपरेशन होऊन आज सव्वीस दिवस झाले. टाके सुकलेत, भूक लागते. खोकला आला की पोटाशी उशी धरते, तेवढंच. भात तुझे जावई करतात. चिकट होतो, पण पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

सोमवारी आमच्या हॉस्टेलच्या मॅडम सफरचंदं घेऊन आल्या. म्हणाल्या, "अक्का, तुझ्याशिवाय पोरी जेवेनात. बसून नुसत्या चपात्या लाट."

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात आले की पातेलंही मीच उतरवणार, मॅडम. डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत."

"मग दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा," म्हटलं. बारा वर्षांची नोकरी आहे, आई.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. बाई ठेवली आहे, पण मी येईपर्यंतच.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू पंधराव्या दिवशी शेतात तण काढायला, भांगलायला गेलीस. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. टाक्यांच्या जागी आलेला फुगवटा तू अजून पदराखाली दाबून चालतेस, मला माहीत आहे.

मी बरी झाले की तुला इथल्या डॉक्टरांना दाखवणार. आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तर पुरते दोन महिने तुला शेताकडे फिरकू देणार नाही. अण्णाला आणि वहिनीला आत्ताच सांगून ठेव.

तुझीच,
मालन