बारा जखमी, सात मृत आणि एक गाठ

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा अद्याप वाकत नाही, तेव्हा तूर्त सातच अंगांचा स्वीकारावा, आठवे बरे झाले की पाठवीन.) तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि मामी तुम्हाला मिठाच्या बरणीपासून दूर ठेवत असतील, असे गृहीत धरते. माझी प्रकृती ठीक. मनःस्थितीबद्दल पुढे.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. एक : आमच्या दोनशे खाटांच्या लष्करी रुग्णालयाचे प्रमुखपद तीन महिन्यांत रिकामे होत आहे. दोन : सेवाज्येष्ठता, पदव्या आणि शस्त्रक्रियांचे निकाल पाहता त्या पदाला माझ्याइतके लायक दुसरे कोणी नाही. (हे मी म्हणत नाही, नोंदवह्या म्हणतात, त्या मी ठेवते ही गोष्ट वेगळी.) तीन : तरीही नेतृत्वाचा दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याखेरीज अर्जच करता येत नाही. चार : तो करण्याचा सल्ला तुमचा. "चिरफाड पुष्कळ झाली गं, आता माणसं चालवायला शीक," हे तुमचे शब्द. पाच : मी नापास झाले.

याआधी आयुष्यात मी एकदाच नापास झाले होते, तेही पोहण्यात, आणि त्या दिवशी पाणी अतिशय थंड होते.

आमचे मुख्य प्रशिक्षक रसद विभागातले एक कर्नल. ज्यांनी उभी नोकरी कांबळी या गोदामातून त्या गोदामात पाठवण्यात घालवली, ते आम्हा वीस डॉक्टरांना जीव कसे वाचवावेत ते शिकवणार होते! पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याच्या कोनांना ध्येय, संघ व विश्वास अशी नावे दिली. त्रिकोणही धड नव्हता. एक बाजू घसरली होती. मी विचारले, की रुग्णाचे रक्त वाहत असताना यांपैकी कोणता कोन आधी दाबायचा? ते शांतपणे म्हणाले, "कोण दाबेल ते तुम्हीच सांगा, डॉक्टर." मी म्हणाले, "अर्थातच मी." त्यांनी वहीत काहीतरी टिपले. मला वाटले, माझी तत्परता टिपली. (गुडघ्याची हकिगत थोडक्यात अशी : खंदकावरच्या फळीवरून जाताना मी मागे वळून इतरांना पाऊल नेमके कुठे टाकावे ते सांगत होते.)

शेवटच्या दिवशी मैदानावर परीक्षा. बारा जवान जखमी म्हणून आडवे पडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात दुखापतीचे कार्ड. हाताखाली सहा डॉक्टर, वेळ चाळीस मिनिटे, आणि नेमलेल्या नेत्याला, म्हणजे मला, एकच नियम : कशालाही स्वतः हात लावायचा नाही. पाहायचे, ठरवायचे, सांगायचे. पहिल्या जवानाच्या कार्डावर लिहिले होते, 'उजव्या मांडीचे हाड मोडले.' त्याच्यावर मी आमच्या दातांच्या डॉक्टरांना नेमले. गृहस्थ सज्जन, पण जन्मभर तोंडात डोकावलेला माणूस मांडीपाशी बावरणारच. त्यांनी दोन्ही पाय पट्ट्यांनी एकत्र बांधले आणि गाठ मारली ती नेमकी मोडक्या पायाच्या बाजूला! मी त्या जवानाच्या पायाशी उभी होते. मला धडधडीत दिसत होते. मी एक मिनिट चाळीस सेकंद सहन केले, मामा. इतका संयम मी स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता. मग दंतवैद्यांना बाजूला सारून गुडघा दुखत असतानाही खाली बसले आणि सगळे सोडून नव्याने बांधले. अशी गाठ, की पाठ्यपुस्तकात छापावी.

मान वर केली तेव्हा उरलेले पाच डॉक्टर माझ्याभोवती कोंडाळे करून उभे राहून पाहत होते, आणि कर्नल पलीकडे हळूहळू फिरत एकेका जखमीचे कार्ड उलटे करीत होते. मागच्या बाजूला 'मृत' असे छापलेले होते. सात कार्डे उलटली. त्यांतला एक तर उठून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी वारलो. जेवायला जाऊ का?" मेसमध्ये माझ्या पुढ्यात वरण वाढणाऱ्याने हसून सांगितले, "मी पोटात गोळी लागलेला. बराच वेळ वाट पाहिली तुमची." सात मृतांनी दोनदा मागून घेतले.

अहवालात कर्नलांनी लिहिले आहे : 'अत्युत्तम डॉक्टर. यांना पुढे उभे केले, की मागचे सगळे हात बांधून उभे राहतात.' हे वाक्य आता माझ्या कागदपत्रांत जन्मभर राहणार! मी सोळा पानी हरकत लिहिली आहे. परिशिष्टात गाठीची आकृती आहे.

परतले तर रुग्णालयात आणखी संताप. दोन आठवडे माझे काम माझा ज्युनियर पाहत होता. वॉर्डात त्याला सगळे 'मवाळ' म्हणतात. तो कुणाला रागावल्याचे ऐकिवात नाही. मी कपाट न् कपाट तपासले. सगळे जागच्या जागी, शस्त्रक्रिया वेळेवर, एकही जखम चिघळलेली नाही. एका बाटलीचे लेबल तेवढे तिरके सापडले. मुख्य सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, रोज विचारत होतो सगळे, तुम्ही कधी येणार म्हणून." मी सुखावले. तर पुढे म्हणतात, "म्हणजे आवरायला बरं."

तेव्हा हा सल्ला कोणत्या आधारावर दिलात, याचा खुलासा व्हावा.

तुमची (तूर्त अनुत्तीर्ण) भाची

ता. क. : कर्नलांनी एकेकाळी तुमच्या रुग्णालयाच्या भांडारात, तुमच्या हाताखाली काम केले आहे, असे आई म्हणाली. त्यांच्याशी माझ्याबद्दल एक शब्दही बोलू नये. मी वशिल्याने मोठी होणार नाही.

दुसरा ता. क. : मैदानावर काढलेले फोटो आज आले. दंतवैद्यांची गाठ धडक्या पायाच्या बाजूला, म्हणजे हवी तिथेच होती. पायाशी उभे राहिल्यावर माझी उजवी बाजू ती त्याची डावी, हे लक्षात यायला हवे होते. मी मारलेली गाठ मोडक्या पायावर आहे. (गाठ म्हणून ती निर्दोषच आहे.) हरकत फाडली. दंतवैद्यांना पत्र लिहिले, चार ओळींचे. त्याला मात्र दोन दिवस लागले.

तिसरा ता. क. : परीक्षा आणखी एकदाच देता येते, पुढच्या महिन्यात. म्हणून विचारते. मी पहिली मोठी शस्त्रक्रिया केली ती तुमच्या रुग्णालयात. पावणेदोन तास तुम्ही माझ्या मागे हात पाठीशी धरून उभे होतात. मी एक शिवण तीनदा उसवली. तुम्ही अवाक्षर काढले नाही. घरी जाऊन मी आईला सांगितले होते, की मामा आता आळशी झाले. तर मामा, तेवढा वेळ तुम्ही ते हात तिथे कसे धरून ठेवलेत? मुद्देसूद आणि लेखी कळवावे. फोन करू नये; फोनवर तुम्ही हसता.