वरचा गट

दोहा,
शुक्रवार, ९ मार्च १९८४

सौ. सत्यभामेस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. आईचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. सरोजनं पत्राच्या कडेला जे चित्र काढलंय ती मोटार आहे की म्हैस, यावर आमच्या खोलीत दोन दिवस वाद चालू आहे. मी मोटार म्हणतो. तिला विचारून कळव.

मी ठीक आहे. फरीज बिन ओमरानमधली खोली तीच आणि खोलीतली माणसंही तीच. थंडी सरली, अजून पंखा लावावा लागत नाही. जेवणाची आबाळ नाही, काळजी करू नकोस.

आता खरी बातमी. आमचं कॉलेज रेडिओवर येतंय.

तुला ठाऊक आहे की दिवसभर मी वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ शिकवतो आणि संध्याकाळी फुटबॉलचा संघ बघतो. तो माझ्या गळ्यात पडला कारण दुसरं कोणी पुढं येत नव्हतं, आणि मी एकदा बोलून गेलो होतो की कोल्हापुरात तालमीकडून खेळायचो. आमचं मैदान म्हणजे नुसती वाळू. मॅचच्या आधी टँकरनं पाणी मारून घ्यायचं, नाहीतर चेंडूच दिसत नाही. पोरं म्हणशील तर सगळ्या मुलखांतली. गोलकीपर सुदानचा, मधे दोघे पॅलेस्टाइनचे भाऊ, काही मल्याळी, काही पाकिस्तानी आणि चार-पाच इथली. आणि डाव्या बाजूला फजल. त्याचे वडील दापोलीकडचे, इथं ट्रक चालवतात. पोरगा लहानाचा मोठा इथंच झाला, पण माझ्याशी त्यांच्या कोकणी बोलीतच बोलतो. पायात चेंडू आला की त्याला अडवणं कठीण. आपल्याकडं असता तर शिवाजी पेठेनं खांद्यावर घेऊन मिरवला असता.

जानेवारीत कपाच्या मॅचमध्ये आमची गाठ एका मोठ्या क्लबशी पडली. त्यांनी आम्हाला मोजलंच नाही, निम्मे राखीव खेळाडू उतरवले. आम्ही जिंकलो. दोन्ही गोल फजलचे. पुढच्या आठवड्यात रेडिओची गाडी मैदानावर हजर. कपडे बदलायच्या खोलीच्या छपरावर टेबल, टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर माइक घेतलेला माणूस. तेव्हापासून आमच्या प्रत्येक मॅचचं वर्णन सगळ्या देशाला ऐकू जातं. कपातून आम्ही पुढच्याच फेरीत बाहेर पडलो, तरी रेडिओवाले हटले नाहीत. लोकांना म्हणे हा संघ आवडतो.

वर्णन अरबीत असतं. मला नावं तेवढी कळतात. माझं नाव त्या माणसाच्या तोंडात बसत नाही, म्हणून तो मला कोच जलाल म्हणतो. गल्लीत आता सगळे तेच म्हणतात. न्हावी मला रांगेतून पुढं बोलावतो. चहावाला मी दिसलो की रेडिओचा आवाज वाढवतो, मग तिथं बातम्या का लागलेल्या असेनात. फजलचे वडील पोराला खेळ सोडून डिझेल इंजिनचं काम शीक म्हणून रोज ओरडायचे, ते आता मॅचच्या दिवशी ट्रक रस्त्याकडेला उभा करून ऐकत बसतात.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी हवेत आहे. तसं नाही. उलट डोकं चालेनासं झालंय.

झालंय असं की खालच्या गटात आम्ही पहिले आहोत. पहिला राहिलेल्या संघाला पुढच्या मोसमात वरच्या गटात खेळता येतं. हवं तर नाहीही म्हणता येतं, मग दुसरा जातो. कॉलेजला आता वर जायची हौस आली आहे. वरच्या गटाचे नियम मात्र वेगळे आहेत. अकरांत बाहेरच्या देशाचे तिघंच चालतात, आणि ते तिघंही बाहेरून नावाजलेले आणायचे असं प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मनात आहे. म्हणजे ज्यांच्यामुळे आम्ही रेडिओवर आलो त्यातली बहुतेक पोरं घरी बसणार. फजलसुद्धा. जन्म गेला इथं, पण पासपोर्ट आपला.

मागच्या शुक्रवारी राजाभाऊंकडं जेवायला गेलो होतो. ते पुण्याचे, आमच्या कॉलेजात लेक्चरर आहेत आणि क्रीडा समितीचे सेक्रेटरी. मदिनत खलीफाला कॉलेजच्या क्वार्टरमध्ये कुटुंबासह राहतात. ते म्हणाले, "जालिंदर, संघ वर गेला तर कॉलेजचं नाव होईल. पोरं काय, दर वर्षी येतात आणि जातात." त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. मी मान हलवली. बरोबर आहे असंही म्हणवेना.

शैलजावहिनींनी भरली वांगी केली होती. त्यांची मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, मला गंमत वाटली. जेवणानंतर वहिनींनी शेजारचं रिकामं घर दाखवलं. उगाच, सहज. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघराला खिडकी आहे आणि अंगणात बोराचं झाड आहे.

तुला ऊन कितपत सोसतं गं? माहेरी शेतावर असायचीस तेव्हा डोकं दुखायचं का? आणि विमानात बसायची भीती वाटेल का? सहज विचारतोय.

समितीची बैठक एप्रिलमध्ये आहे. मला विचारणार, कारण पोरांना मी ओळखतो. काय बोलावं सुचत नाही. तू इथं असतीस तर दोन शब्द बोललो असतो. पत्रात बोलणं नीट येत नाही.

आईला नमस्कार. सरोजला पापा.

तुझा,
जालिंदर


दोहा,
शुक्रवार, १८ मे १९८४

सत्यभामा,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही सरळ उत्तर दिलं नाही. मधे जे पाठवलं त्यात हवापाणी सोडून काही नव्हतं. पाटलांच्या रेडिओवर रात्रभर काटा फिरवूनही नुसती खरखरच आली, हे तू लिहिलंस ते वाचून मला कसंसंच झालं. इतक्या लांबचं तिथं लागत नाही गं.

आणि तू लिहिलंस, "उन्हाचं विचारता, विमानाचं विचारता आणि पुढं गप्प बसता. मला कोडी घालू नका." रागावलीस ते बरोबरच आहे. आज जे आहे ते लिहितो.

फेब्रुवारीतच प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. संघ वर गेला तर त्यांना पूर्णवेळ ट्रेनर लागणार. ते काम मला. ग्रेड वाढणार, क्वार्टर मिळणार आणि कुटुंबाचा व्हिसा मिळणार. शैलजावहिनींनी दाखवलेलं घर तेच. त्यांना राजाभाऊंकडून कळलं होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी मार्चच्या पत्रात तुला बोराचं झाड सांगितलं आणि बाकीचं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तेही धड कळत नाही. एक तर सहा वर्षं तू माझ्याकडून पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी हेच ऐकत आलीस. परत एकदा आशा लावायची आणि मोडायची, हे नको वाटलं. आणि दुसरं म्हणजे, तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी म्हणाली असतीस. तू घर घ्या म्हणाली असतीस तर पोरांचं तोंड बघवलं नसतं. पोरांना धरून राहा म्हणाली असतीस तर त्याहून वाईट.

मार्चच्या शेवटी शेवटची मॅच झाली. जिंकलो तर पहिले, बरोबरीत सुटली तर दुसरे. रेडिओवाले होतेच. बरोबरी चालली होती. मी बाजूला उभा राहून काय मागत होतो, मलाच ठाऊक नाही. शेवटी शेवटी फजलला डावीकडं चेंडू मिळाला. दोघांना मागं टाकून आत शिरला आणि असा मारला की गोलकीपर हललाच नाही. सगळे धावले. मी जागेवरच उभा राहिलो.

मग बैठक. हो म्हणायचं असं ठरवून मी गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी पहिल्यांदा मलाच विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, या वर्षी नको. ऐकून मीच दचकलो. का, असं त्यांनी विचारलं. मी माझ्या इंग्रजीत म्हणालो की सर, ही पोरं जिंकली आणि खेळणार दुसरी, हे मला जमत नाही. साहेब चांगले आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. राजाभाऊ टेबलाकडं बघत राहिले. मग एकेकाला विचारलं, आणि माझ्याशिवाय सगळे हो म्हणाले. खलास. संघ वर गेला.

मला वाटलं माझंही संपलं. बाहेर पार्किंगमध्ये राजाभाऊंनी गाठलं. म्हणाले, "तुम्ही विरोध केलात तरी काम तुम्हालाच मिळणार. रेडिओनं तुमचं नाव केलंय, साहेबांना दुसरा नको आहे. आता मात्र नाही म्हणू नका. घरी बायको आहे, मुलगी आहे."

मी विचार करतो म्हणालो. आठवडाभर विचार काही केला नाही, नुसता कॉर्निशवर समुद्राच्या कडेनं फिरत होतो. एकदा वाटायचं, मी नाही म्हणून मोकळा झालोय, आता काम घेतलं तर त्यात काय वाईट. लगेच वाटायचं, म्हणजे नाही म्हटलं ते नुसतं माझ्या समाधानासाठी. मग सरोजचा विचार यायचा. मागच्या सुट्टीत ती माझ्या मांडीवर यायला तयार नव्हती. तू म्हणालीस, सवय होईल. सवय झाली तोवर माझी परतायची तारीख आली.

सत्यभामा, मी सही केली. काम घेतलं.

पोरांना कोणी सांगायचं हा प्रश्न होता. ऑफिसातून नोटीस लावतो म्हणाले. मी नको म्हटलं. उन्हं उतरल्यावर मैदानात सगळ्यांना बसवलं आणि कोण राहणार, कोण जाणार ते तोंडानं सांगितलं. सुदानच्या पोरानं उठून हात मिळवला. पॅलेस्टाइनचे दोघे भाऊ आपसांत काहीतरी बोलले आणि निघून गेले. फजल बसून राहिला. बुटाच्या नाड्या सोडत होता, त्या सुटत नव्हत्या.

बाकीचे गेल्यावर म्हणाला, "सर, म्हंजे रेडिओवर आता आमचा नाव नाय येनार."

मी म्हणालो, "नाही."

"वैनी येतायत ना?"

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, "सगल्यांना ठाव हाय, सर. शेवटच्या म्याचच्या आधीपासना." मग घर कुठं मिळतंय ते विचारलं. मदिनत खलीफा म्हटल्यावर म्हणाला, "बरा हाय. तिकडं पानी रोज येता."

बूट खांद्याला अडकवून तो चालू लागला. शुक्रवारी सकाळी ये, आपण असंच खेळू, असं मी मागून म्हणालो. वळून म्हणाला, "बगू, इन्शाल्ला." हसला की काय ते मला अंधुक उजेडात कळलं नाही.

तो गेल्यावर मला उमगलं. शेवटच्या मॅचच्या आधीपासून, म्हणाला. म्हणजे नियम त्याला माहीत होता. माझं घरही माहीत होतं. जिंकलो तर आपण बाहेर, हे ठाऊक असून त्यानं तो गोल मारला. माझ्यासाठी मारला का? का वडील रस्त्याकडेला ऐकत असतील म्हणून? का पायात चेंडू आला आणि समोर गोल दिसला, एवढंच? विचारावं असं रोज मनात येतं. पण काय म्हणून विचारू? माझ्यासाठी मारला म्हणाला तर मी त्या घरात कसा झोपू? आणि तसं नाही म्हणाला तर मला बरं वाटेल, आणि त्या बरं वाटण्याचीच मला लाज वाटते.

आज शुक्रवार. सकाळी मैदानावर जाऊन बसलो होतो. कोणी आलं नाही. फजल आता एका गॅरेजमध्ये जातो, डिझेलचं काम शिकतो, असं त्याचे वडील भेटले तेव्हा म्हणाले. त्यांनी माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं असं वाटलं. हल्ली मला माणसांच्या तोंडावरचं काही वाचताच येत नाही.

व्हिसासाठी भरायचे कागद सोबत आहेत. तुझा आणि सरोजचा पासपोर्ट करायला मुंबईला जावं लागेल, माझा धाकटा भाऊ येईल तुमच्याबरोबर, त्याला लिहिलंय. आईचं काय करायचं हे मला सुचलेलं नाही. ती दादाकडं राहील का, हे तूच बघ, आणि विचारताना तिला दुखवू नकोस. ती नाही म्हणाली तर तसं कळव, मी तुझ्यावर काही ढकलणार नाही.

इतके दिवस मी एकट्यानं ठरवत आलो. हेही एकट्यानंच ठरवलं, आणि तुला उशिरा सांगतोय. राग येईल. मी बरोबर केलं का चूक, हे तू मला सांगशील असंही वाटतं आणि सांगू नयेस असंही वाटतं. तुला जे बोलायचं असेल ते पत्रात लिहू नकोस. इथं ये, समोर बस आणि बोल. मी ऐकून घेईन.

दोघीही या.

तुझा,
जालिंदर