भोंग्यावर घेतलेलं नाव

५ फेब्रु., बुध.
नवीन केस. कमलबाई, वय ४६, तापीकाठचं खेडं (नाव इथेही नको). फिजिशियननी मानसोपचारासाठी माझ्याकडे पाठवलंय. तीनदा ईसीजी, तिन्ही नॉर्मल. छाती आवळते, हात गार पडतात. कधी होतं विचारलं, तर म्हणाली, देवळाचा भोंगा लागला की. नवरा बाहेर बाकावर. आत ये म्हटलं तर आला नाही.

माझे बाबा पेपर मिलमध्ये होते. आम्हा पोरांना भोंगा म्हणजे शिफ्टची वेळ, एवढंच.

१२ फेब्रु.
आज बोलली. मोठ्या मुलीने दिवाळीनंतर दुसऱ्या जातीत लग्न केलं, इंदूरला असते. पंचांनी भोंग्यावरून घरातल्या एकेकाचं नाव घेतलं: यांच्याशी बोलायचं नाही, द्यायचं-घ्यायचं नाही. चक्कीवाला दळण परत पाठवतो. केळीचे घड कापायला मजूर नाहीत. "मॅडम, आठवड्यातून एकदा तुमच्याशी बोलते. बाकी भिताडं."
श्वासाचा व्यायाम शिकवला. रोज दोनदा.

१९ फेब्रु.
सुधारणा. भोंगा लागला तेव्हा श्वास मोजत उभी राहिली म्हणे. मला बरं वाटलं, मग नाही वाटलं. भीती खोटी असती तर गोष्ट वेगळी. गाव खरंच दाराबाहेर उभं आहे. मी नक्की काय बरं करतेय...

२६ फेब्रु.
नवरा, रघुनाथभाऊ, पहिल्यांदा आत आला. पंचांची अट: मुलगी मेली असं धरून तिचं तेरावं करा, गाव जेवू घाला, मग मोकळे. त्याने होकार दिलाय. १२ मार्चला, सकाळी अकराला. धाकटीचं लग्न अडलंय, तो थकलाय. वाईट माणूस नाही. माझ्याकडे गोळी मागितली. "त्या दिवशी फक्त शांत बसली पाहिजे."
त्यासाठी गोळी मिळणार नाही म्हटलं. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, आपल्याकडे तसा वेगळा नाही. तरी पोलिसांत तक्रार लिहून देता येईल, मी सोबत येते म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही बुऱ्हाणपूरला राहता, आम्हाला तिथंच राहायचंय.

५ मार्च
कमलबाई एकटी आली, बसने. विचारलं, तेराव्याला बसले तर बरी होईन का? खरं तेच सांगितलं: भोंग्याची भीती जाईल कदाचित, दुसरं काही येईल. मग माझ्यासमोरच तिने मुलीला फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून काय म्हणाली ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि हात गार. इथे ना भोंगा, ना गाव. तिने स्वतःच श्वास मोजला. मग म्हणाली, "'करून टाक तेरावं, आई,' म्हणते. पोरगी माह्यासाठी मरायले तयार झाली मॅडम."
जिवाचं काही करावंसं वाटतं का, स्पष्ट विचारलं. नाही म्हणाली.
जाताना पुढची वेळ मागितली. १२ तारीख, अकरा. मी तारीख पुन्हा वाचून दाखवली. "मले माहीत आहे," म्हणाली.

१२ मार्च
११.००. दुसरा पेशंट घेतला नाही.
११.२०. नाही आली.
११.३५. रघुनाथभाऊंचा फोन. "ती तुमच्याकडे आहे ना?" नाही म्हटलं. सकाळी सातलाच निघाली, दवाखान्यात जाते सांगून. तिचा फोन सारखा बिझी लागतोय. पाहुणे, भटजी बसून आहेत. मला काही बोलली होती का, विचारत होता. दवाखान्यातलं बोलणं बाहेर सांगता येत नाही, एवढं सांगितलं. तो रागावला नाही. आली तर कळवा, एवढंच म्हणाला.
फाइल पुन्हा वाचली, शेवटापासून पहिल्या पानापर्यंत. इंदूरच्या मुलीचा नंबर त्यात होता. लावला. बिझी.
१२.१०. पुन्हा लावला. अजून बिझी. कुणाशी तरी बोलतेय.